एक हेन्री म्हणजे किती किलोमीटर?

ग्रँट रोड स्थानकाच्या पूर्वेचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग इलेक्ट्रॉनिक सुटे भाग घेणाऱ्यांच्या तोंडी अजूनही लॅमिंग्टन रोडच आहे, आणि तेथील दुकानांतून रेझिस्टर, कपॅसिटर आणि कॉइल हे विद्युत मंडलाचे तीन मूलभूत घटक सुटे विकत मिळतात. यांपैकी पहिल्या दोहोंच्या मापांशी शाळकरी हौशी मुलांचाही परिचय असतो. कॉइलचे माप मात्र अनेकांना अडखळवते, कारण ज्या एककात ते मोजायचे त्या हेन्रीचे नाव कॉइलच्या अंगावर क्वचितच छापलेले असते आणि प्रत्यक्षातली मापे हेन्रीच्या हजाराव्या, दशलक्षाव्या किंवा अब्जाव्या भागांत असतात. भौतिकीच्या जुन्या ग्रंथांत आणि आजच्या रूपांतर-कोष्टकांतही याच राशीची आणखी दोन एकके आढळतात, अ‍ॅबहेन्री आणि स्टॅटहेन्री. पहिले एकक हेन्रीचा एक अब्जांश आहे, तर दुसरे सुमारे ९० हजार कोटी हेन्रींएवढे आहे. एकाच राशीसाठी इतके चिमुकले आणि इतके अवाढव्य एकक कशासाठी घडवले गेले, हे नुसती शून्ये मोजून कळत नाही. त्यासाठी एकोणिसाव्या शतकातील भौतिकीकडे वळावे लागते.

तारेतून विद्युतधारा वाहू लागली की तिच्याभोवती चुंबकी क्षेत्र निर्माण होते, धारा बदलली की ते क्षेत्रही बदलते, आणि हे बदलते क्षेत्र त्याच तारेत असा विद्युतदाब उत्पन्न करते की जो मूळ बदलाला विरोध करतो. तारेच्या किंवा वेटोळ्याच्या या गुणधर्माला प्रवर्तकत्व म्हणतात. व्यवहारात त्यालाच इंडक्टन्स हा शब्द रूढ आहे. धारा दर सेकंदाला एक अँपिअर या दराने बदलत असताना एक व्होल्ट दाब उत्पन्न होत असेल, तर त्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व एक हेन्री मानले जाते. प्रवर्तनाचा शोध मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये जाहीर केला. त्याच सुमारास अमेरिकेत स्वतंत्रपणे प्रयोग करणारे जोसेफ हेन्री यांनी धारेचा स्वतःलाच होणारा हा विरोध, म्हणजे स्वप्रवर्तन, १८३२ मध्ये मांडले, आणि १८९३ साली शिकागोला भरलेल्या आंतरराष्ट्रीय विद्युत परिषदेत त्यांचे नाव या एककाला देण्यात आले.

एक हेन्री म्हणजे प्रत्यक्षात केवढे, याचा अंदाज जुन्या ट्यूबलाइटच्या चोकवरून येतो. गिरगावातील चाळींपासून लालबागच्या कारखान्यांपर्यंत सर्वत्र लागलेल्या चार फुटी ट्यूबच्या पट्टीत पातळ लोखंडी पत्र्यांच्या गाभ्यावर तांब्याच्या तारेचे असंख्य वेढे घेतलेला जो जड ठोकळा असे, त्याचे प्रवर्तकत्व सुमारे सव्वा हेन्री असते. प्रत्यावर्ती धारेला वेटोळ्याकडून होणारा अडथळा वारंवारता आणि प्रवर्तकत्व यांच्या गुणाकाराला २π ने गुणून मिळतो. आपल्याकडील पुरवठ्याची वारंवारता ५० हर्ट्झ असल्याने सव्वा हेन्रीचा अडथळा सुमारे ३९० ओहम भरतो आणि तेवढ्यानेच ट्यूबमधील धारा आवाक्यात राहते. स्टार्टरची पट्टी सुटून धारा एकाएकी तुटली की हाच चोक काहीशे व्होल्टचा झटका देतो आणि ट्यूब पेटते. ‘चोक उडाला’ हे वाक्य एके काळी प्रत्येक घरात ऐकू येत असे. तो उडालेला ठोकळा म्हणजे सामान्य माणसाच्या हाती सहज येणारे एक मोठे प्रवर्तकत्व होते.

रेडिओत शिरल्यावर हे माप झपाट्याने उतरते. मध्यम लहरींच्या रेडिओत फेराइटच्या काळ्या कांडीवर गुंडाळलेली कॉइल काहीशे मायक्रोहेन्रींची असते. मायक्रोहेन्री म्हणजे हेन्रीचा दशलक्षावा भाग. उदाहरणादाखल २५० मायक्रोहेन्रींची कॉइल घेतली, तर आकाशवाणी मुंबईची ५५८ किलोहर्ट्झवरील अस्मिता वाहिनी पकडण्यासाठी तिच्या जोडीला सुमारे ३२५ पिकोफॅरडचा धारित्र, म्हणजे कपॅसिटर लागतो, आणि १०४४ किलोहर्ट्झवर जायचे तर ९३ पिकोफॅरड पुरतात. एफएमच्या पट्ट्यात हाच खेळ आणखी हजारपटींनी बारीक होतो. १०७ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या केंद्रासाठी २२ पिकोफॅरडबरोबर १०० नॅनोहेन्रींची, म्हणजे हेन्रीच्या एका कोटीव्या भागाची कॉइल चालते. जेमतेम पाच मिलिमीटर व्यासाचे पाच-सहा मोकळे वेढे झाले की ती तयार होते, आणि दुरुस्ती करणारा कारागीर प्लॅस्टिकच्या काडीने ते वेढे किंचित फाकवून किंवा जवळ आणून केंद्र जुळवतो. वेढे फाकले की प्रवर्तकत्व घटते, जवळ आले की वाढते.

आता कॉइलच्या अंगावरील खुणांकडे पाहता येईल. छोट्या कॉइलवर बहुधा तीन अंक असतात. पहिले दोन जसेच्या तसे घ्यायचे आणि तिसऱ्या अंकाइतकी शून्ये पुढे द्यायची, म्हणजे मायक्रोहेन्रींतील माप मिळते. १०१ म्हणजे १०० मायक्रोहेन्री, १०२ म्हणजे १,००० मायक्रोहेन्री अर्थात एक मिलिहेन्री, आणि १०४ म्हणजे एक लाख मायक्रोहेन्री अर्थात ०.१ हेन्री. दोन अंकांच्या मध्ये इंग्रजी आर हे अक्षर आले तर तेथे दशांशचिन्ह समजायचे, त्यामुळे चार-आर-सात म्हणजे ४.७ मायक्रोहेन्री. फसगत होते ती पुढेच. कपॅसिटरवरही नेमकी हीच तीन अंकी पद्धत असते, मात्र तेथे मूळ माप पिकोफॅरड असते. शिवाय १०१ च्या पुढे इंग्रजी के छापलेला असला तर नवखा माणूस तो किलोचा समजून हजाराने गुणून मोकळा होतो, वास्तविक तो के एवढेच सांगतो की माप दहा टक्क्यांनी इकडेतिकडे असू शकेल. जे हे अक्षर पाच टक्क्यांचे आणि एम वीस टक्क्यांचे. एमचा मिलीशी किंवा मेगाशी काडीचाही संबंध नाही.

उपसर्गांचे गणित सोपे आहे आणि त्यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. मिली, मायक्रो, नॅनो, पिको, फेम्टो, अ‍ॅटो या उतरत्या पायऱ्या प्रत्येकी हजाराच्या आहेत आणि किलो, मेगा, गिगा, टेरा या चढत्या पायऱ्याही तशाच. दोन पायऱ्यांमध्ये जितके टप्पे तितक्या हजाराच्या पटी. अ‍ॅटोहेन्रीपासून टेराहेन्रीपर्यंत दहा टप्पे होतात, म्हणून त्यांचे गुणोत्तर एकावर तीस शून्ये इतके भरते. भारतात वजनमापांच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ मध्ये झाला आणि १९५७ च्या १ एप्रिलला नाणीही दशमान झाली. विजेच्या एककांना मात्र कायद्याची वाट पाहावी लागली नव्हती, कारण व्होल्ट, अँपिअर, ओहम आणि हेन्री ही व्यावहारिक एकके जन्मापासूनच दशमान होती.

ही व्यावहारिक एकके ज्या मुळावर वाढली ती पद्धत सेंटिमीटर, ग्रॅम आणि सेकंद या तीन मूळ मापांची होती आणि ब्रिटिश असोसिएशनने ती १८७३ मध्ये पुरस्कारली. मुंबईला ही पद्धत परकी नव्हती. कुलाब्याच्या वेधशाळेतील १८४६ ते १९०५ या काळातील भूचुंबकीय नोंदी तिचे संचालक नानाभॉय मूस यांनी १९१० मध्ये प्रसिद्ध केल्या त्या याच पद्धतीत. 

या पद्धतीच्या विद्युतचुंबकीय शाखेत निर्वाताच्या चुंबकी गुणधर्माचे मूल्य एक, तेही परिमाणरहित, मानलेले असे, आणि त्याचा परिणाम आजच्या वाचकाला चक्रावून टाकणारा आहे. लांब नळीवर घेतलेल्या वेटोळ्याचे प्रवर्तकत्व काढण्यासाठी वेढ्यांच्या संख्येचा वर्ग घेऊन त्याला नळीच्या छेदाच्या क्षेत्रफळाने आणि ४π ने गुणतात व नळीच्या लांबीने भागतात. वेढे ही निव्वळ संख्या आहे. क्षेत्रफळाला लांबीने भागले की उरते लांबी. अर्थात प्रवर्तकत्व सेंटिमीटरमध्ये मोजायचे! एक सेंटिमीटर प्रवर्तकत्व म्हणजेच पुढे अ‍ॅबहेन्री म्हणून ओळखले गेलेले एकक, आणि आजच्या भाषेत बरोबर एक नॅनोहेन्री. रेडिओच्या आरंभीच्या काळात विशेषतः जर्मन तांत्रिक ग्रंथांत कॉइलची मापे खरोखरच सेंटिमीटरमध्ये दिलेली असत.

एक सेंटिमीटर व्यासाच्या, दहा सेंटिमीटर लांबीच्या नळीवर शंभर वेढे घेतले तर वरील सूत्राने सुमारे ९,८७० सेंटिमीटर, म्हणजे जवळजवळ ९९ मीटर इतके प्रवर्तकत्व येते, आणि तेच ९.८७ मायक्रोहेन्री असतात. या वेटोळ्याला तार लागते ती जेमतेम सव्वातीन मीटर. तेव्हा ही लांबी तारेची समजण्याची चूक करता कामा नये. तेवढ्याच लांबीच्या नळीवर वेढे दुप्पट केले तर तार दुप्पट लागेल, प्रवर्तकत्व मात्र चौपट होईल, कारण प्रत्येक वेढ्याचे क्षेत्र इतर सर्व वेढ्यांतून जाते.

हा हिशेब एकदा मान्य केला की मुंबईचा नकाशाच प्रवर्तकत्वाची पट्टी बनतो. चर्चगेटहून दादर १० किलोमीटरांहून थोडे अधिक आहे. १० किलोमीटर म्हणजे दहा लाख सेंटिमीटर, म्हणजेच एक मिलिहेन्री. अस्मिता वाहिनीसाठी वर घेतलेली २५० मायक्रोहेन्रींची कॉइल अडीच किलोमीटरांची, जवळपास चर्नी रोड ते मुंबई सेंट्रल एवढी भरते. एक हेन्री होण्यासाठी शंभर कोटी सेंटिमीटर, म्हणजे दहा हजार किलोमीटर लागतात, आणि हे अंतर योगायोगाचे नाही: मीटरची मूळ व्याख्याच उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या रेखावृत्ताचा एककोटीवा भाग अशी ठरली होती. त्यामुळेच हेन्री हे नाव रूढ होण्यापूर्वी, १८८९ च्या पॅरिस परिषदेत, या एककाला क्वाड्रंट, म्हणजे पृथ्वीच्या परिघाचा चतुर्थांश, असे भारदस्त नाव दिले गेले होते. ट्यूबलाइटचा चोक या मापाने साडेबारा हजार किलोमीटरांचा होतो.

ही केवळ गंमत नव्हे. सरळ तारेच्या बाबतीत तिचा प्रत्यक्ष उपयोग होतो. सरळ तारेचे सेंटिमीटरमधील प्रवर्तकत्व म्हणजे तिची लांबी गुणिले एक लहानशी संख्या, आणि ही संख्या लांबी-जाडीच्या प्रमाणाच्या लॉगरिदमवर अवलंबून असल्याने फार हळू बदलते. रेझिस्टरच्या एक सेंटिमीटर पायासाठी ती सहा-सातच्या आसपास असते, म्हणून त्या पायाचे प्रवर्तकत्व सहा-सात नॅनोहेन्री. लोकलच्या डोक्यावरील तारेसाठी, जेथे धारा तारेतून जाऊन रुळांतून व जमिनीतून परतते, ती दहा ते पंधराच्या घरात जाते. म्हणून त्या तारेचे प्रवर्तकत्व किलोमीटरमागे एक ते दीड मिलिहेन्री आणि चर्चगेट-दादर अंतरासाठी दहा ते पंधरा मिलिहेन्री. रेझिस्टरच्या पायापासून उपनगरी रेल्वेपर्यंत लांबी दहा लाखपटींनी वाढली, तरी ती संख्या जेमतेम दुप्पट झाली.

या तारांचा मुंबईतील इतिहासही येथे उपयोगी पडतो. बोरीबंदर ते कुर्ला ही देशातील पहिली विजेवरची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी १,५०० व्होल्टच्या एकदिश धारेवर धावली. एकदिश धारा स्थिर असताना प्रवर्तकत्वाचा अडथळा शून्य असतो. गाडी सुरू होताना, थांबताना किंवा खटका तुटताना मात्र ते आपले अस्तित्व दाखवते. पश्चिम रेल्वेचे उपनगरी मार्ग २०१२ मध्ये आणि मध्य रेल्वेचे मुख्य मार्ग २०१५ मध्ये २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती धारेवर आले, तेव्हापासून दादर-परळवरील याच तारा किलोमीटरमागे ०.३ ते ०.५ ओहम असा अखंड अडथळा करू लागल्या. खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून १९१५ पासून गिरण्यांना वीज पुरवणाऱ्या साठ-सत्तर किलोमीटरच्या वाहिनीलाही हेच गणित लागू होते: किलोमीटरमागे सुमारे एक मिलिहेन्री, म्हणजे एकूण वीसेक ओहम.

आता स्टॅटहेन्री. सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीची दुसरी शाखा स्थिरविद्युतीय होती. तिच्यात चुंबकाऐवजी विद्युतप्रभारांमधील बल हा पाया मानला होता आणि तेथे सेंटिमीटरमध्ये मोजली जाई ती धारिता, म्हणजे प्रभार साठवण्याची क्षमता. कॉइल आणि कपॅसिटर यांच्या जोडीची दोलने किती वेगाने होतात हे त्यांच्या मापांच्या गुणाकारावर ठरते, आणि कोणत्याही पद्धतीत त्या गुणाकाराला सेकंदाचा वर्ग हेच परिमाण असावे लागते, कारण दोलनाचा काळ एककांवर अवलंबून नसतो. धारिता सेंटिमीटरची झाली, तर प्रवर्तकत्वाच्या वाट्याला सेकंदाचा वर्ग भागिले सेंटिमीटर हेच परिमाण उरते. दोन शाखांतील प्रवर्तकत्वाच्या एककांचा भागाकार त्यामुळे सेंटिमीटरचा वर्ग भागिले सेकंदाचा वर्ग, म्हणजे एका वेगाचा वर्ग, असा होतो. तो वेग कोणाचा?

विल्हेल्म वेबर आणि रुडोल्फ कोलराऊश यांनी १८५६ मध्ये काचेच्या लायडन बरणीत साठवलेला प्रभार दोन्ही रीतींनी मोजून विद्युतप्रभाराच्या दोन एककांचे गुणोत्तर काढले, तेव्हा त्यातून सेकंदाला सुमारे ३ लाख १० हजार किलोमीटर हा आकडा आला. फिझो यांनी १८४९ मध्ये दातेरी चाकाच्या साहाय्याने मोजलेल्या प्रकाशाच्या वेगाच्या तो अगदी जवळ होता, पण या साम्याचा अर्थ ओळखला तो जेम्स क्लार्क मॅक्सवेल यांनी, १८६० नंतरच्या पहिल्या दोन-तीन वर्षांत: प्रकाश ही विद्युतचुंबकीय लहरच आहे. बरणी, वेटोळे आणि टांगती चुंबकसुई एवढ्यावरच्या या प्रयोगात प्रकाशाचा एकही किरण मोजलेला नव्हता, ही त्यातील सर्वांत विलक्षण बाब म्हटली पाहिजे.

प्रकाशाचा वेग सेकंदाला २,९९७ कोटी ९२ लाख सेंटिमीटर आहे. त्याचा वर्ग केला की ८.९८७५५ गुणिले दहाचा विसावा घात येतो, आणि एका स्टॅटहेन्रीत तितके अ‍ॅबहेन्री असतात. त्याला अब्जाने भागले की एका स्टॅटहेन्रीचे ८.९८७५५ गुणिले दहाचा अकरावा घात इतके हेन्री होतात. जुन्या मराठी संख्यावाचनात, जे भास्कराचार्यांच्या लीलावतीतही आढळते, दहाच्या अकराव्या घाताला निखर्व म्हणतात, तेव्हा हे जवळजवळ नऊ निखर्व हेन्री झाले. अ‍ॅबहेन्रींची संख्या मात्र परार्धाच्या, म्हणजे दहाच्या सतराव्या घाताच्या, पलीकडे जाते; ती सुमारे नऊ हजार परार्ध भरते. चर्चगेट-दादरच्या पट्टीने मोजायचे तर स्टॅटहेन्रीची लांबी साडेनऊशे प्रकाशवर्षांच्या आसपास पडते. उलट दिशेने एक हेन्री म्हणजे स्टॅटहेन्रीचा सुमारे १.११ गुणिले दहाचा उणे बारावा घात.

स्टॅटहेन्रीजवळ जाणारे वेटोळे कोणी बनवलेले नाही, ते बनवण्याचे कारणही नाही. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेतील सीएमएस या शोधकाचे, ज्याच्या बाह्य हॅड्रॉन कॅलरीमीटरच्या उभारणीत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा वाटा आहे, अतिसंवाहक वेटोळे सहा मीटर व्यासाचे आहे, त्यातून १९ हजार अँपिअर धारा वाहू शकते आणि त्यात अडीच अब्ज जूलहून अधिक ऊर्जा साठते. तरीही त्याचे प्रवर्तकत्व अवघे १४ हेन्री आहे. परळच्या मोठ्या रुग्णालयांत असतात तशा एमआरआय यंत्रांचे चुंबक आकाराने कितीतरी लहान असूनही काही दशक हेन्रींचे असतात, कारण त्यांत वेढे पुष्कळ आणि धारा थोडी असते. चाळीस हेन्री आणि चारशे अँपिअर धरले तर ऊर्जा ३२ लाख जूल येते, सीएमएसच्या सुमारे आठशेव्या हिश्शाएवढी. हेन्रींच्या आकड्यावरून चुंबकाचे सामर्थ्य ठरवू गेल्यास फसगत होते ती अशी. दुसऱ्या टोकाला, अत्यंत क्षीण चुंबकी क्षेत्रे टिपणाऱ्या स्क्विड या अतिसंवाहक कड्यांचे प्रवर्तकत्व दहा ते काहीशे पिकोहेन्री असते. माणसाने घडवलेली बहुतेक सर्व वेटोळी या दोन टोकांमधील बारा-तेरा शून्यांच्या पल्ल्यात बसतात.

लॅमिंग्टन रोडवर आज स्वस्तात मिळणारा एलसीआर मीटर या पल्ल्याचा मधला मोठा भाग सहज मोजतो. खालच्या टोकाला मात्र मीटरच्याच तारा आड येतात: वीतभर तारेचे स्वतःचे प्रवर्तकत्व शंभर नॅनोहेन्रींच्या घरात, म्हणजे एफएमच्या त्या पाच-सहा वेढ्यांच्या कॉइलएवढेच असते. म्हणून जाणकार कारागीर आधी मीटरची दोन टोके एकमेकांना भिडवून दिसणारा आकडा शून्यावर आणतो, तारांची ठेवण न हलवता कॉइल लावतो आणि मगच माप वाचतो.